जुनं हार्वेस्टर घेताना मॉडेल नंतर बघा, आधी विचारा ते आजवर कशात चाललंय

औसा तालुक्यातल्या एका भावानं विचारलंय. तिघा भावांचं मिळून ५५ एकर रान, खरिपाला ४५ एकर सोयाबीन आणि बाकी तूर, रब्बीला ३० एकर हरभरा न विहिरीखाली ५-६ एकर गहू. दरवर्षी हार्वेस्टरची वाट बघून बघून शेंगा फुटायल्यात म्हणून जुनं मशीन घ्यायचं मनात हाय. तीन बघून ठेवलेत. पहिलं पंजाबातून येणारं २०१६ चं, १४ फुटी (म्हणजे पुढचा पीक कापणारा कटर १४ फूट रुंद), रंग एकदम नवा, साडेनऊ लाख. दुसरं शेजारच्याच तालुक्यातलं २०१३ चं, तेही १४ फुटी, रंग उडालेलं, टेबलाला म्हणजे कटर बसवलेल्या पुढच्या भागाला वेल्डिंग केलेलं, सात लाख. तिसरं चेनवालं, म्हणजे चाकांऐवजी रबरी चेनवर चालणारं छोटं. कोणतं घ्यावं?

मी २००९ पासून हार्वेस्टर चालवतोय न दुरुस्तही करतोय. दोन जुनी मशिनं स्वतः घेऊन वापरली आणि लोकांसाठी बघायला तर कितीतरी वेळा गेलोय. माझं मत आधीच सांगतो, तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून मला दुसरं, रंग उडालेलं मशीनच जवळचं वाटतंय. पण खाली सांगतो तसं तपासल्याशिवाय विसारालाही हात घालू नका.

आधी हिशोब बघा कारण इथंच लई जण फसतेत. तुमचं घरचं काम म्हणजे ४५ सोयाबीन, ३० हरभरा, ५-६ गहू, धरा ८० एकर. भाड्यानं एकरी दोन हजार धरले तर वर्षाला एक लाख साठ हजार तुम्ही दुसऱ्याला देताय. स्वतःचं आलं म्हणून हे सगळे वाचत नाहीत, एकरी चार-साडेचार लिटर डिझेल जातंय म्हणजे चारशे रुपये, ड्रायव्हर न हेल्पर मिळून अडीचशे-तीनशे, पट्टे बेअरिंग ब्लेड ग्रीस मिळून तीनशे-साडेतीनशे. हातात उरले एकरी हजार. ८० एकराचे ८० हजार. सात लाखावर बँकेचं व्याज १२ टक्क्यांनी धरलं तरी ८४ हजार होतंय. म्हणजे फक्त घरच्या रानावर हे मशीन स्वतःचं व्याजसुद्धा फेडत नाही. गावात न शेजारच्या दोन-तीन गावांत मिळून दीडशे-दोनशे एकर भाड्याचं काम हातात असलं तरच घ्या, आणि ते काम कोण देणार त्यांची नावं आत्ताच वहीत लिहून काढा, नुसतं "मिळंल की" म्हणू नका.

किती कापता येतं तेही सांगतो. १४ फूट म्हणजे सव्वाचार मीटर, ताशी ३ किलोमीटरनं चाललं तर कागदावर तासाला तीन एकर होतेत, पण वळणं, टाकी रिकामी करणं, बांध, खांब, झाडं धरून प्रत्यक्षात दोन-सव्वादोन. सकाळी दव उडून शेंग वाळायला ९-१० वाजतेत, संध्याकाळी परत सर्दवते. त्यात आपले दीड-दोन एकराचे तुकडे. म्हणून दिवसाला १२ ते १५ एकर झालं तर चांगलं झालं म्हणा. सोयाबीनचा हंगाम सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून दिवाळीपर्यंत, त्यात परतीच्या पावसानं आठवडाभर खाल्ला तर १७०-२०० एकराच्या वर होत नाही. दोन-तीन दिवस मशीन बंद पडलं की ३०-४० एकर गेलं, म्हणून जुन्या मशीनमध्ये स्वस्तापेक्षा न थांबणारं बघायचं.

आता मुख्य मुद्दा. मशीन भातात चाललंय का गहू-सोयाबीनमध्ये, हे मॉडेलच्या सालापेक्षा जास्त महत्त्वाचं हाय. भाताच्या पेंढ्यात सिलिका असते, बारीक वाळूच म्हणा, ती पत्र्याला, धान्य पुढं ढकलणाऱ्या लांब स्क्रूला, शेंगा झोडून दाणे काढणाऱ्या ड्रमच्या पट्ट्यांना कानसीसारखी घासत राहते. वरून भाताचं रान ओलं, त्यामुळं गिअर बॉक्स, पुढचे हब, ॲक्सलचे सील सगळ्यावर ताण. पंजाबातलं मशीन गहू झाला की भात आणि मधल्या दिवसांत बाहेरच्या राज्यात जाऊन परत काहीतरी कापतंय, वर्षातून तीन-तीन हंगाम. आपल्याकडचं मशीन सोयाबीन आणि हरभरा-गहू असं दोन छोट्या हंगामात चालतंय. म्हणजे २०१६ चं तिकडचं मशीन २०१३ च्या इकडच्या मशीनपेक्षा जास्त म्हातारं असू शकतं. तास दाखवणाऱ्या मीटरवर जाऊ नका, त्याची वायर काढून ठेवलेली मी बऱ्याचदा बघितलीय.

माझं पहिलं मशीन असंच होतं. चकचकीत रंग, नवे स्टिकर, सीटला नवं कव्हर. आणल्यावर पहिल्याच सोयाबीनला धान्य वर नेणाऱ्या एलिव्हेटरच्या बुडातून दाणे गळायला लागले, आधी वाटलं झाकण ढिलं असंल, हात लावून बघितलं तर पत्रा बोटानं दबायला लागला. आत पुट्टी भरून वरून रंग मारलेला. पत्रा एवढा पातळ झालेला की वेल्डिंग धरंना, जिथं टाका मारावा तिथं नवं भोक पडायचं. चार दिवस मशीन उभं, समोर लोकांचं सोयाबीन वाळून फुटायलं न ते लोक रोज येऊन बघून जायलेत, ते दिवस मी विसरलो नाही. तेव्हापासून रंग मारलेल्या मशीनकडं मी जास्त बारकाईनं बघतो. तुम्हीही साधा स्क्रू ड्रायव्हर न बॅटरी घेऊन जा. दोन्ही एलिव्हेटरचे बुड, टाकीत धान्य टाकणाऱ्या आणि टाकी रिकामी करणाऱ्या स्क्रूच्या नळ्या, पुढच्या टेबलाचा तळ, ह्या चार जागी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जायचं. जाड पत्रा ठण वाजतो, पुट्टी वाजत नाही. नळीतल्या स्क्रूच्या पातीच्या कडेला हात फिरवून बघा, ब्लेडसारखी धार आली असंल तर ती झिजलीय.

कटरवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, सोयाबीनमध्ये नुकसान बहुतेक पुढंच होतंय, मागं नाही. आपल्या सोयाबीनच्या खालच्या शेंगा जमिनीपासून दोन-तीन इंचावर असतेत, कटर चार-पाच इंचावरून गेला की प्रत्येक झाडाची एक-दोन शेंग बुडख्यालाच राहिली. त्यामुळं १४ फुटी कटर सरळ हाय का वाकलाय ते बघायलाच लागतं. मशीन सिमेंटच्या कोब्यावर किंवा डांबरी रस्त्यावर उभं करा, कटर खाली आणून टेपनं डाव्या टोकाला, मधी न उजव्या टोकाला अंतर मोजा. अर्ध्या इंचाचा फरक चालून जातो. दोन इंच फरक असला तर कुठंतरी बांधाला धडकलेलं असतंय, मग टेबलाच्या मागच्या बाजूला वेल्डिंगचे नवे टाके शोधा, सापडतेतच. दुसऱ्या मशीनला टेबलाला वेल्डिंग हाय असं तुम्ही लिहिलंय, तर ते वेल्डिंग पत्र्याला हाय का आडव्या पाइपला ते सांगा. पत्र्याला असलं तर काही नाही, ते सगळ्याच मशिनांना असतंय. पाइपला असलं तर कटर परत सरळ राहणार नाही, तेवढ्यावरून भाव पाडा नाहीतर सोडून द्या.

कटरची ब्लेडं, गार्ड, रीलची (पीक कटरकडं ओढणाऱ्या फिरकीची) बोटं झिजलेली असली तरी घाबरू नका, ते सगळं बदलायचंच असतंय. कटर चालवणारी यंत्रणा मात्र हातानं हलवून बघा, खडखड ढिली असली तर खर्च. आणि इंजिन बंद करून टेबल वर उचलून ठेवा न बाजूला चहा प्या, पंधरा मिनिटांत चार-सहा इंच खाली बसलं तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गेलेत. त्या टेबलाखाली कुणालाही जाऊ देऊ नका, लॉक लावल्याशिवाय तर अजिबात नाही.

आता ड्रम. बाजूचं झाकण काढायला लावा, मालक म्हणंल "काय गरज हाय, परवाच बघितलंय", तरी काढायलाच लावा. ड्रमच्या पट्ट्यांवर तिरक्या खाचा असतेत, त्या खाचांची कड बोटाला टोचली पाहिजे. हात साबणावरून फिरल्यासारखा गेला की पट्ट्या संपल्या. मग होतंय काय, शेंग फुटत नाही म्हणून ड्रायव्हर स्पीड वाढवतो आणि दाणे फुटून डाळ पडायला लागते. पट्ट्या सगळ्या एकदम आणि वजन करून समोरासमोर जोड्या लावून बदलायच्या असतेत, एक-दोनच बदलल्या तर ड्रम थरथरतो न बेअरिंग खातो. खालची जाळी बघा, तारा वाकलेल्या असल्या की तिथं दगड गेलाय समजा. बालाघाटाकडच्या, अहमदपूर-अंबाजोगाईच्या मुरमाड रानात चाललेल्या मशीनला हे हमखास सापडतं. भातात चाललेल्या मशीनला ड्रमवर खिळ्यासारखे दातेसुद्धा असतेत, तसा ड्रम असला तर सोयाबीन-गव्हासाठी पट्ट्यांचा ड्रम बसवायचा खर्च आधीच धरा.

ड्रमचा स्पीड किती खाली येतो हा प्रश्न कुणीच विचारत नाही न आपल्यासाठी तोच सगळ्यात मोठा हाय. गव्हाला ड्रम मिनिटाला ९००-१००० फेऱ्यांनी चालवतेत, सोयाबीनला साडेचारशे ते साडेपाचशेच्या आसपास लागतो, हरभऱ्यालाही तसाच. ही मशिनं मुळात गहू-भातासाठी बनलेली, त्यामुळं कित्येकांचा ड्रम सहाशेच्या खाली येतच नाही, एकतर स्पीड बदलायच्या पुलीत गंज धरलेला असतो नाहीतर पट्टा ताणून लहान-मोठा कसातरी बसवलेला असतो. फेऱ्या मोजणारा लेझरचा टॅकोमीटर थोड्या पैशात मिळतो, तो नेऊन पुलीवर चमकपट्टी चिकटवा न इंजिन पूर्ण रेसवर ठेवून ड्रम सगळ्यात हळू करायला लावा. पूर्ण रेसवरच मोजायचं, कारण रेस कमी करून ड्रम हळू केला तर पंखा न चाळण्याही हळू होतेत आणि टाकीत कचरा येतो.

चालत्या पिकात बघितल्याशिवाय घेऊ नका. सोयाबीन आत्ता नाही पण हरभरा उभा हाय, तो चालतो. मशीन वीस-पंचवीस मीटर गेल्यावर थांबवायला सांगा, मागं पडलेलं भुसकट बाजूला सारून एक मीटर बाय एक मीटर जागेतले दाणे मोजा. सोयाबीनचा हिशोब लक्षात ठेवा, १०० दाण्यांचं वजन साधारण १२ ग्रॅम, एकरात ४ हजारावर चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला १०० दाणे सांडले की एकरी जवळजवळ अर्धा क्विंटल मातीत गेलं. कापायच्या आधीच फुटून पडलेले दाणे बाजूच्या उभ्या पिकात मोजून वजा करा, नाहीतर मशीनवर उगं खोटा आळ येतोय.

टाकीतून मूठभर धान्य घ्या, १०० दाणे मोजून डाळ झालेले वेगळे करा, दोन-तीन असले तर छान, दहा असले तर ड्रमचं काहीतरी चुकतंय. घरचं सोयाबीन बियाणं ठेवणार असला तर पहिल्या हंगामात अजून एक करा, वरून चांगले दिसणारे १०० दाणे पाण्यात ५ मिनिटं टाका. ज्यांच्या टरफलाला तडा गेलाय ते लगेच फुगून टपोरे होतेत, बाकीचे तसेच राहतेत. दहापेक्षा जास्त फुगले तर ते बियाणं म्हणून ठेवू नका. सोयाबीनचं टरफल एवढं पातळ हाय की ओल १२ टक्क्यांच्या खाली गेली की नुसत्या आपटण्यानं तडकतंय, म्हणून बियाण्याचा प्लॉट १३-१४ ओलीला, दुपारचं कडक ऊन सोडून, ड्रम जेवढा हळू होईल तेवढा हळू करून काढायचा.

इंजिनबद्दल थोडक्यात. पंजाबातल्या नाभ्याची प्रीत, भादसोंची करतार असल्या कंपन्यांच्या मशिनांत बहुतेक अशोक लेलँडचं ६ सिलिंडरचं इंजिन असतंय, ट्रकच्या घराण्यातलं, त्यामुळं लातूर-नांदेडला त्याचा मिस्त्री न सामान दोन्ही मिळतेत. मालकाला फोन करून सांगा मी आल्याशिवाय चालू करू नको, इंजिन थंड असताना चालू होतंय का बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. तेल टाकायचं झाकण उघडून बघा, तिथून भसाभस धूर येत असला तर आतलं काम आलं. मग सगळं मशीन अर्धा तास पूर्ण रेसवर चालवून बंद करा, सगळं थांबल्यावर एकेक बेअरिंगच्या घराला हात लावत जा, ज्याला हात टिकत नाही त्याला खडूनं खूण करा. पण चालू मशीनमध्ये हात नाही. झाकण उघडं न पट्टे चालू असताना एका पोराची दोन बोटं माझ्यासमोर गेलीत, म्हणून हे परत परत सांगतोय.

चेनवाल्या छोट्या मशीनचं असं हाय की ओल्या रानात ते जातं हे खरं, पाऊस लागला तेव्हा चाकावाली उभी राहिली न चेनवाल्यांनीच पीक वाचवलं असंही झालंय. पण कटर सात फुटाच्या आसपास म्हणजे काम निम्मं, गावोगाव न्यायला ट्रेलर लागतो, आणि रबरी चेन झिजलेली असली तर एका जोडीचाच खर्च ऐकून माणूस खाली बसतो. ते भातवाल्यांचं मशीन हाय. तुमच्यासारख्या काळ्या सपाट रानाला, सोयाबीन-हरभऱ्याला मी सुचवणार नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण सांगायलाच पाहिजे, तुमची तूर वेगळी हाय का सोयाबीनमध्ये? आपल्याकडं चार ओळी सोयाबीन न दोन ओळी तूर असं बरेच जण घेतेत, त्यात १४ फुटी मशीन शिरतच नाही, चार ओळींची पट्टी सहा फुटाची. स्वतःचं मशीन घेणार असला तर तूर वेगळ्या तुकड्यात घ्या, मधीच पाहिजे असंल तर दोन तुरीच्या मधली जागा कटरपेक्षा दीड-दोन फूट तरी जास्त सोडा. १८ इंची ९ ओळी म्हणजे साडेतेरा फूट, तेवढ्यावर बसत नाही, तुरीच्या फांद्या तोपर्यंत आडव्या पसरलेल्या असतेत. रुंद वरंब्यावर पेरलं असलं तर मशीन सरीच्या दिशेनंच चालवा, आडवं घातलं की कटर वरखाली होऊन माती खातो. आणि पुढच्या वर्षी सोयाबीनचं वाण निवडताना उभ्या वाढीचे, खालची शेंग उंच लागणारे बघा, परभणीच्या विद्यापीठाचं एमएयूएस १६२ ह्याच कामासाठी सांगतेत, हरभऱ्यात राहुरीचं फुले विक्रम उंच हाय. बुटक्या हरभऱ्यात कितीही चांगलं मशीन घाला, घाटे खाली राहतेतच.

कागदपत्रात आरसीवरचा चेसिस नंबर न इंजिन नंबर स्वतः मशीनवर घासून बघा. आरसीवर बँकेचा बोजा असला तर बँकेचं पत्र न बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाही. परराज्यातलं असलं तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, लागते, नावावर करायला २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या. "एनओसी मागून पाठवतो" ह्यावर पैसे दिलेली माणसं अजून फोनच लावायलीत. सरकारी अनुदान नव्या मशीनला असतंय, जुन्याला नाही, त्या आशेवर हिशोब मांडू नका.

ड्रायव्हर आधी ठरवा, मशीन नंतर. पंजाबचे ड्रायव्हर हात बसलेले असतेत पण सोयाबीन नवं असलं तर गव्हाच्याच स्पीडला चालवतेत, त्यांच्याजवळ बसून ड्रमचा आकडा तुम्ही ठरवून द्यायचा. घरातलं एखादं पोरगं पहिल्या दिवसापासून हेल्पर म्हणून बसवा, दोन हंगामात शिकतंय.

तर आता काय करायचं. सात लाखाच्या त्या मालकाला सांगा आमच्या दोन एकर हरभऱ्यात चालवून दाखव, भाडं पूर्ण देतो. ह्याला नाही म्हणाला तर तिथंच विषय संपला. हो म्हणाला तर वर लिहिलेलं सगळं त्या दिवशी बघा न खडूच्या खुणा मोजा. एलिव्हेटरचा पत्रा, टेबलाचा आडवा पाइप न ड्रमचा कमीत कमी स्पीड, ह्या तिन्ही गोष्टी चांगल्या निघाल्या तर साडेसहापर्यंत उतरवून घ्या आणि दीड लाख वेगळे बाजूला ठेवा, पट्टे, बेअरिंग, ड्रमच्या पट्ट्या, ब्लेड, दोन टायर ह्यात ते जाणारच हायत. एप्रिल-मे मध्ये मिस्त्री मोकळे असतेत, तेव्हाच सगळं उघडून करून घ्या, सप्टेंबरमध्ये त्यांच्या दारात रांग लागते. पंजाबचा मशीनवालाही भाव कमी करंल, पण मला त्याच्या एलिव्हेटरच्या बुडाचा आतून बॅटरी मारून काढलेला फोटो मागवून दाखवा, बाहेरून काढलेला नको.